बाबांशी बोलायचंय, पण त्या सावलीची भीती वाटते

प्रश्न थोडक्यात : सत्तावीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचे वडील दीड वर्षापूर्वी गेले. ते अधूनमधून तिच्या स्वप्नात येतात, पण ते आता नाहीत हे तिला स्वप्नात आठवतच नाही. किरकोळ काहीतरी बोलणं होतं आणि जाग आल्यावर हळहळ वाटते. म्हणून तिने ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे 'हे स्वप्न आहे' याचं भान राखून स्वप्न पाहणं, शिकायला घेतलं. पहाटे चारला गजर लावून उठायचं, मग उताणं, अजिबात न हलता पडायचं आणि भान सुटू न देता झोपेत शिरायचं, अशी पद्धत तिने वाचली होती. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे डोळे उघडले, खोली दिसत होती, पण बोटसुद्धा हलेना. छातीवर ओझं, श्वास कोंडलेला आणि दाराशी एक काळी आकृती. नंतर हे आणखी दोनदा घडलं. आता ती दिवा लावून झोपते, झोपायला जाणंच लांबवते. ती विचारते, "ताई, ल्युसिड ड्रीमिंग शिकायचं तर यातून जावंच लागतं म्हणतात. ही भीती कशी घालवू? की हे माझ्या आवाक्यातलंच नाही? आणि विचारायला संकोच वाटतो, पण ती आकृती म्हणजे बाबा तर नसतील ना?"

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यात जड प्रश्न तू शेवटी, संकोचत विचारलायस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीची भीती त्याच्याभोवतीच गोळा झालीय असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

ते बाबा नव्हते. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. दाराशी उभी आकृती, खोलीत कोणीतरी आहे ही पक्की खात्री, छातीवरचं ओझं, कोंडलेला श्वास हे सगळं, ज्यांच्या घरातलं कोणीही गेलेलं नाही अशी माणसंही अगदी असंच सांगतात. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत. १९९९ मध्ये कॅनडातले ॲलन चेन आणि त्यांचे सहकारी यांनी असे अनुभव तपासून त्यांचे तीन गट पाडले होते. एकात खोलीत कोणी परकं शिरल्याची जाणीव, दुसऱ्यात छातीवर दाब आणि गुदमरणं, तिसऱ्यात तरंगल्यासारखं किंवा शरीराबाहेर पडल्यासारखं वाटणं. तुझ्या त्या पहाटांमध्ये पहिले दोन एकत्र आले. त्याचा एक उलगडा संशोधक असा करतात : स्वप्नांच्या झोपेत मेंदूतला धोका ओळखणारा भाग चांगलाच जागा असतो. अशा वेळी अर्धवट जाग यावी आणि अंग हलू नये, म्हणजे त्याच्या दृष्टीने काहीतरी भयंकर चाललंय. समोर धोका तर दिसत नाही, मग स्वप्नाच्याच सामानातून तो एक उभा केला जातो.

आता जरा आडवळणाने बोलते. तुला आलेल्या या अनुभवाला 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात. मला हे नावच आवडत नाही, आणि त्याचं मराठीत 'निद्रा-पक्षाघात' केलं की ते आणखी घाबरवतं. पक्षाघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालय येतं, लुळा पडलेला हात येतो. इथे एकही नस बिघडलेली नसते. साधारण दर दीड तासाने आपण स्वप्नांच्या झोपेत शिरतो. तिला रेम झोप म्हणतात, कारण बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरत असतात. त्या वेळी मेंदूच्या खोडाकडून मज्जारज्जूला निरोप जातो की स्नायूंना आता सैल सोड. हे रोज होतं, रात्रीतून चार-पाच वेळा होतं. फ्रान्समधले मिशेल झूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करताना मेंदूच्या खोडातला तो छोटासा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरं गाढ झोपेत उठून, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांमध्येही हा बांध सैल पडण्याचा एक विकार आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९८६ मध्ये केलं. अशी माणसं स्वप्नातल्या हल्ल्याला प्रत्यक्षात उत्तर देतात, पलंगावरून उड्या मारतात, शेजारी झोपलेल्याला इजा करतात.

तेव्हा तुझं अंग गेली सत्तावीस वर्षं रोज रात्री असंच बांधलं जातंय आणि रोज सुटतंय. तो बांध तुला जपत होता. त्या पहाटे वेगळं घडलं ते इतकंच की तो सुटायच्या आत तू जागी झालीस.

श्वासाबद्दल तू दोनदा लिहिलंयस, म्हणून हेही सांगते. रेम झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल असतात, पण श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, आपलं काम करत असतं. म्हणजे हवा आत-बाहेर होत असते, फक्त उथळ. तू घाबरून खोल श्वास ओढायला गेलीस, छातीने ऐकलं नाही आणि तुला वाटलं की श्वासच बंद पडला. छातीवरचं ओझं बहुतेक तिथूनच येतं. या अनुभवात श्वास थांबून माणूस दगावत नाही. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तो आपोआप ओसरतो.

आणि तू एकटी नाहीस. २०११ मध्ये आधीच्या ३५ अभ्यासांतली, छत्तीस हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव आलेले लोक सर्वसामान्यांत ७.६ टक्के निघाले, विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास. त्या विद्यार्थ्यांतली एक मीही होते. परीक्षेच्या दिवसांत, चार-चार तास झोपून काढलेल्या रात्रींनंतर, माझ्या पायांशी कोणीतरी बसलंय असं मला तीनदा वाटलं. मी दोन वर्षं हे कोणालाही सांगितलं नाही. आज वाटतं, त्या तीन रात्रींपेक्षा ती न बोललेली दोन वर्षं मला जास्त महागात पडली. तू तिसऱ्या वेळेनंतर लगेच लिहिलंस, हे फार चांगलं केलंस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. 'यातून जावंच लागतं' हे तुला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते खरं नाही. सजग स्वप्नाकडे, म्हणजेच ल्युसिड ड्रीमिंगकडे, जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि तू नेमकी अशी एक निवडलीस जिच्यावर हा अनुभव भेटण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. पहाट म्हणजे रेम झोप लांबत जाण्याची वेळ. तेव्हाच तू गजराने झोप मोडलीस, तीन आठवडे रोज थोडी कमी झोपलीस, त्यात उताणी झोपलीस (हा अनुभव उताणं झोपलेल्यांना जास्त येतो) आणि वर भान सुटू द्यायचं नाही असा हट्ट धरलास. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी निरोगी माणसांची झोप ठरावीक वेळी मुद्दाम मोडून प्रयोगशाळेत हाच अनुभव घडवून आणला होता. तू नकळत घरी तोच प्रयोग केलास आणि तो यशस्वी झाला. याचा अर्थ तू भित्री आहेस किंवा हे तुझ्या आवाक्यातलं नाही, असा कसा काढायचा?

त्यामुळे 'भीती कशी घालवू' याच्याही आधी मी तुला गजर बंद करायला सांगेन. निदान महिनाभर ल्युसिड ड्रीमिंगचं नावही काढू नकोस. रोज एकाच वेळी झोप, एकाच वेळी ऊठ, अंगाला लागते तेवढी पूर्ण झोप घे आणि कुशीवर झोप. पाठीवर वळायची सवय असेल तर पाठीमागे एक उशी लावून ठेव. झोपायला जाणं लांबवतेस ना, ते मात्र आधी थांबव. भीतीपोटी आपण कमी झोपतो आणि झोप कमी पडली की हा अनुभव आणखी येतो. या चक्रात मी माणसं वर्षानुवर्षं अडकलेली पाहिली आहेत.

तरीही तो पुन्हा आला तर काय करायचं, हे दिवसाउजेडी ठरवून ठेव. त्या क्षणी नवं काही सुचत नाही. बलंद जलाल या संशोधकाने २०१६ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली आणि मला ती पटते, कारण ती झटापट करायला सांगत नाही. आधी मनाशी ओळख पटवायची : 'हे तेच आहे, अंग अजून झोपेत आहे, आपोआप सुटेल.' मग 'घाबरायचं कारण नाही, घाबरले तर हे लांबेल' एवढंच. मग लक्ष त्या आकृतीवरून काढून आत, आपल्याला प्रिय असलेल्या एखाद्या गोष्टीवर न्यायचं, एखादा चेहरा, एखादी प्रार्थना, एखादं गाणं, आणि तिथेच ठेवायचं. अंग हलवायचा प्रयत्न सोडून द्यायचा, श्वास मुद्दाम खोल करायला जायचं नाही. २०२० मध्ये नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप येण्याच्या विकाराच्या, मोजक्या रुग्णांनी ही पद्धत वापरली तेव्हा असे अनुभव येणारे दिवस निम्म्यावर आले. गट फार छोटा होता, म्हणून मी त्यावर मोठी इमारत उभी करत नाही. पण करून पाहण्यात नुकसान काही नाही. प्रिय गोष्ट मात्र आजच ठरव आणि रोज झोपण्याआधी दोन मिनिटं ती मनात आणायचा सराव कर.

याच जलाल यांनी आधी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांच्या अनुभवांची तुलना केली होती. इजिप्तमध्ये अनेक जण याला जिनांचा हल्ला मानत होते. डेन्मार्कमध्ये बहुतेकांच्या लेखी ती शरीराची एक गफलत होती. पहिल्या गटात आपण आता मरणार ही भीती कितीतरी जास्त होती आणि त्यांचे अनुभव लांबतही होते. आपण जो अर्थ लावतो तो आपल्याबरोबर अंथरुणात शिरतो. म्हणून तर मी बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात केली. दाराशी बाबा असतील आणि ते आपल्यावर रागावले असतील, असा अर्थ घेऊन झोपलीस तर पुढचा अनुभव आणखी भयंकर होणार. 'रागावले' हा शब्द तू लिहिलेला नाहीस, मी घातला. चुकत असेन तर सोडून दे. चुकत नसेन, तर तो जागेपणी कोणा जवळच्या माणसापाशी बोल. स्वप्न त्यासाठी थांबवून ठेवू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या हातात आहे, अगदी त्या क्षणीसुद्धा : डोळे. त्या बांधातून डोळ्यांचे स्नायू सुटलेले असतात. ल्युसिड ड्रीमिंग खरं असतं हे सिद्ध झालं तेही यामुळेच. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाने स्वप्नात असतानाच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्रावर त्या खुणा उमटल्या. काही वर्षांनी अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. संपूर्ण अंग बांधलेलं असताना एक माणूस डोळ्यांनी बाहेरच्या जगाला सांगू शकला की मी आत जागा आहे. तुलाही ते डोळे आहेत. सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरव, किंवा मिटून घे. काहींना जीभ किंवा पायाचा अंगठा किंचित हलवल्याने सुटका होते. सुटल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. उठून बस, चार पावलं चाल, पूर्ण जागी हो, नाहीतर पुन्हा त्याच अवस्थेत घसरण्याची शक्यता असते. खोलीत दुसरं कोणी झोपत असेल तर त्या व्यक्तीला सांगून ठेव की माझा श्वास विचित्र ऐकू आला तर खांद्याला हात लाव. स्पर्शाने हे मोडतं.

काही जण या अवस्थेतूनच स्वप्नात उतरतात. आकृतीकडे दुर्लक्ष करून, अंग गादीत बुडतंय असं मनात आणतात आणि तिथून सजग स्वप्न सुरू होतं. हे शक्य आहे, कारण मेंदू आधीच स्वप्नाच्या झोपेत असतो. पण तुला आज या वाटेने जायची गरज नाही, आणि भीती जिंकून दाखवायची म्हणून तर मुळीच जाऊ नकोस.

महिन्याभराने झोप सुरळीत झाली आणि इच्छा टिकली असेल, तर लाबर्ज यांचीच सौम्य पद्धत घे. रात्री एरवीही मध्येच जाग येते, तेवढ्यावर भागव. जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठव, त्यातली अशक्य गोष्ट हेर. तेच स्वप्न मनात पुन्हा बघ, या वेळी मात्र ती अशक्य गोष्ट दिसताच 'हे स्वप्न आहे' असं तुला कळतंय असं बघ. 'पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे' हे वाक्य मनात घोळव आणि नेहमीसारखी कुशीवर झोपून जा. भान धरून ठेवायचं नाही, ते सुटू द्यायचं. २०१७ मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, हे केल्यावर पाच मिनिटांत झोपी जाणाऱ्यांना ४६ टक्के वेळा सजग स्वप्न पडलं. लवकर झोपणं इथे कामाला येतं, चिकाटीने जागं राहणं नाही. दिवसा स्वप्नांची वही लिहायची आणि अधूनमधून हाताची बोटं मोजत स्वतःला मनापासून विचारायचं की मी जागी आहे ना. हा अनुभव पुन्हा कधीच येणार नाही असं वचन मी देत नाही. पण तू घेतलेल्या वाटेपेक्षा ही वाट कितीतरी शांत आहे. आणि सजग स्वप्नासाठी म्हणून गोळ्या विकल्या जातात त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यातलं गॅलॅन्टामिन हे खरं तर अल्झायमरच्या रुग्णांचं औषध आहे.

काही बाबतींत मात्र माझा सल्ला पुरणार नाही. दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, हसताना किंवा चिडल्यावर गुडघे लुळे पडत असतील, झोपेत घोरणं आणि दचकून श्वास घेणं असेल, हा अनुभव आठवड्याला येऊ लागला असेल, किंवा झोपायच्या भीतीने दिवस विस्कटत असेल, तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांना भेट. जागेपणीही नसलेलं दिसणं-ऐकू येणं घडत असेल तर ल्युसिड ड्रीमिंगचा सराव पूर्ण थांबव आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नकोस. काही औषधं अचानक थांबवल्यावर रेम झोप उसळून येते.

आता बाबांबद्दल. तुझ्यासाठी अशक्य गोष्ट कुठली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबा दिसणं हीच तुझी खूण. बाबा समोर आले की तुला आठवायचंय की ते गेलेत आणि म्हणून हे स्वप्न आहे. मी हे वाक्य लिहून थांबले, तूही जरा थांब. तू जे शिकायला निघालीस त्यात प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला ती बातमी तुला पुन्हा ऐकावी लागेल. काहींना ते पेलतं, त्या स्वप्नांतून फार मोठा दिलासा मिळतो. काहींचं स्वप्न तिथेच मोडतं आणि ते रडत जागे होतात. आणि ओळख पटली, स्वप्न टिकलं, तरी समोरचे बाबा तुझ्याच मनाने घडवलेले असतील. ते गप्प राहतील, विषय बदलतील, वळले की भलतंच कोणी असेल. सजग स्वप्नातही सगळं आपल्या मनासारखं होत नाही.

ज्या स्वप्नांबद्दल तू हळहळतेस त्यांच्याकडे मला जरा वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. त्यात बाबा येतात, तुम्ही किरकोळ काहीतरी बोलता. ते गेल्याचं तुला आठवत नाही, म्हणूनच ते बोलणं इतकं किरकोळ राहू शकतं. ती निरोपाची भेट होत नाही, एक साधा दिवस होतो. हे बदलायचं की नाही, ते तू ठरव. हवं असेल तर जरूर शीक, मी अडवत नाही. फक्त त्या स्वप्नांना अपयश समजू नकोस.

जे बोलायचं राहिलंय ते आधी वहीत लिही. बाबांना उद्देशून, मायना घालून, पानं लागतील तेवढी. झोपण्याआधी नको, दुपारी लिही. झोपताना त्या पत्रातली एखादी साधी ओळ किंवा त्यांची एखादी आवडती आठवण मनात घे. मनात घेतलेलं स्वप्नात उतरण्याची शक्यता थोडी वाढते, आणि नाही उतरलं तरी झोप गोड लागते. जलाल यांच्या पद्धतीत लागणारी ती प्रिय गोष्टही तुला यातच सापडेल असं मला वाटतं. दाराशी जे उभं राहतं त्याच्याकडे पाठ करून तुला बाबांचाच चेहरा मनात धरता येईल.

दिव्याबद्दल तू अपराधी वाटून लिहिलंयस. त्यात काही चुकलेलं नाही. फक्त डोळ्यांवर येणारा दिवा झोप उथळ करतो, म्हणून तो मंद कर, जमिनीजवळ ठेव आणि दाराच्या बाजूला ठेव, म्हणजे तिथे अंधार साचणार नाही. महिन्याभराने तो बंद करावासा वाटला तर कर, नाहीतर राहू दे. आज रात्री एवढंच : गजर काढून टाक, कुशीवर वळ आणि नेहमीच्या वेळी झोप. महिन्याने वही कुठवर आली ते मला कळव.

तुझी,
ताई